फेब्रुवारीत २२ पौंड, जूनमध्ये १७! मासा तोच, मग वजन गेलं कुठे?

गळाला_लागलेला

नमस्कार मंडळी,

मी रेडिंगला राहतो, लंडनच्या पश्चिमेला. इथे थेम्स आणि केनेटच्या काठाने खडी उपसून सोडून दिलेल्या मोठमोठ्या खाणी आहेत. त्यांत पाणी साचून आता छान तळी झाली आहेत. अशाच एका तळ्याचा मी तीन वर्षांपासून सभासद आहे. ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याने नाद लावला आणि आता रविवारची सकाळ तिथेच जाते. आम्ही धरतो तो मासा म्हणजे पाईक. (आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कोणाचा पाईक? विठोबाचा?") मरळीसारखा लांबुळका, बदकाच्या चोचीसारखं तोंड, आत सुयांसारखे दात. शेवाळात दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की बाणासारखा सुटतो.

आता प्रश्न. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला आयुष्यातला पहिला 'वीस पौंडी' मिळाला. इथे वीस पौंड म्हणजे मॅट्रिक पास. वजन भरलं २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या किंचित वर. लांबी ४१ इंच. फोटो काढले, सोडून दिला, ऑफिसात पेढे वाटले (खरोखर वाटले, साऊथॉलहून आणून).

जूनच्या शेवटी त्याच तळ्यात पुन्हा एक मोठा लागला. कल्ल्याच्या मागे पिवळ्या ठिपक्यांची रांग 'ळ' अक्षरासारखी. घरी येऊन फोटो शेजारी शेजारी ठेवले तर ठिपका न् ठिपका जुळतो. तोच मासा, लांबी तीच ४१ इंच. वजन मात्र १७ पौंड १२ औंस! साडेचार पौंड गायब. किलोत सांगायचं तर दोन किलो.

सहकारी म्हणतो, तुझा फेब्रुवारीचा काटा फुगवून दाखवत होता, पेढे परत कर. मला वाटतं मासा आजारी आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निरामिष

पकडायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. परत चार महिन्यांनी पकडून 'अरे, बारीक झालास!' म्हणायचं. त्या माशाने कधी तुमचं वजन केलं का?

(वाचतोय. पु.ले.शु.)

हर्णैचा_बापू

पहिली दुरुस्ती: तो नव्हे, ती. पाईकचा नर दहा पौंडांच्या पुढे सहसा जात नाही. वीस, तीस, चाळीस पौंडांचे जे म्हणून मासे लोक छातीशी धरून फोटो काढतात त्या सगळ्या बाया. एकदा हे ध्यानात घेतलं की तुझं अर्धं कोडं सुटलं.

मी हर्णै बंदरावर लिलाव बघत मोठा झालो, पण गोड्या पाण्यातला मासा शिकलो तो मामाच्या गावी, खेडजवळ, जगबुडीच्या काठी. मिरगाचा पहिला दणका पडला की नदीतला मासा ओहोळातून, बांधावरून, खाचरात चढायचा. चढणीचे मासे! कोकणातल्या कोणालाही विचार, चढणीच्या माशाचं पोट कसं असतं. बोटाने दाबलं तर गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, बाहेर. तोच मासा श्रावणात मिळाला तर मामी म्हणायची, "ह्यात काय रांधू, नुसता काटा."

पाईकचं तेच आहे, फक्त पाऊस वेगळा. ती चढते हिवाळा सरताना, पाणी साताठ अंशांच्या पुढे सरकू लागलं की. कुठे चढते? उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात, पूर आलेल्या कुरणात. अंडी चिकट असतात, बारीक साबुदाण्याएवढी, ती गवताच्या काड्यांना चिकटतात. दक्षिण इंग्लंडात हे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चालतं. म्हणजे तू तिला तोललीस ती अगदी भरल्या दिवसांत.

किती भरते? उन्हाळ्यात गाबोळीचं वजन अंगाच्या शेकडा एकदोन असतं, नावापुरतं. ऑगस्ट-सप्टेंबरपासून ती वाढायला लागते, थंडीभर वाढत राहते आणि अंडी घालायच्या तोंडावर शेकडा १५ ते २० वर जाते. तुझ्या २२ पौंडांच्या बाईच्या पोटात तीनेक पौंड, कदाचित चारसुद्धा, नुसती गाबोळी होती. तिने ती मार्चमध्ये गवतात ठेवली आणि हलकी झाली. आजारी वगैरे काही नाही. बाळंतपणानंतर कोणी तुझ्या बायकोचा काटा तपासून 'आजारी आहे' म्हणालं तर?

पण सगळा हिशेब गाबोळीवर ढकलू नकोस. फेब्रुवारीत तिच्या घशात काही दिसलं होतं का? पाईक स्वतःच्या वजनाच्या चौथाईएवढा मासा सहज गिळते, थंड पाण्यात तो पचायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तो काट्यावर तिच्याच नावाने जमा असतो. शिवाय अंडी घालून झाल्यावर ती काही दिवस रोडावलेली, ओरखडे पडलेली असते. अंगावर मास परत चढायला उन्हाळा जातो.

आता काट्याचं. मासा तोलायची झोळी ओली करून, पिळून, काट्याला लावून मग शून्य करतोस ना? की घरून कोरड्या झोळीचं वजन लिहून आणतोस? आणि घरी जाऊन आट्याची दहा किलोची पिशवी काट्याला लाव. पाकिटावर छापलेल्या वजनावर माझा इथल्या कुठल्याही मासेमाऱ्याच्या शब्दापेक्षा जास्त विश्वास आहे.

हा झाला ऋतू. खरी गंमत पाण्याची आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. टंकनकष्ट सोसून घ्या.

मी ब्रिस्टलला ३१ वर्षं आहे, बस चालवून निवृत्त झालो. ब्रिस्टलच्या दक्षिणेला च्यू व्हॅली म्हणून जलाशय आहे, १९५६ साली राणीने उद्घाटन केलेला. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा, पण नाव आहे ट्राऊटसाठी. पाईकसाठी तिथे वर्षातून थोडेच दिवस देतात, शरदात आणि हिवाळा संपता संपता. तिथे १३ फेब्रुवारी २०२४ ला लॉइड वॉटसन या गृहस्थाने ४७ पौंड ५ औंसांची पाईक धरली. ब्रिटनचा विक्रम. त्याआधीचा विक्रम ३१ वर्षं टिकला होता: ४६ पौंड १३ औंस, रॉय लुईस, ऑक्टोबर १९९२, वेल्समधला लँडेग्वेद जलाशय. तोही ट्राऊटचाच. हा योगायोग नाही बाबा.

पाईक पळून पळून शिकार करणारी नाही. ती एका जागी बसते आणि एक झेप घेते. ती झेप महाग असते. शंभर ग्रॅमच्या रोच नावाच्या माशासाठी घेतली काय आणि किलोभराच्या ट्राऊटसाठी घेतली काय, खर्च फारसा बदलत नाही, मिळकत दसपट बदलते. ज्या पाण्यात माणसं दरवर्षी गुबगुबीत ट्राऊट आणून सोडतात, तिथे या बाईला घरपोच डबा आहे. वर च्यू उथळ आहे, कडेची शेतं सुपीक, पाणी कसदार, रोचही भरपूर.

माझ्या वहीतली दोन पानं सांगतो. एक पाईक वाय नदीतली, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, लांबी ४४ इंच, वजन २१ पौंड. दुसरी च्यूची, त्याच वर्षीची, त्याआधी तीनच आठवडे, लांबी ४२ इंच, वजन २६ पौंड. दोन इंच आखूड आणि पाच पौंड जड. ऋतू तोच, आमिष तेच, काटा तोच, तोलणारा खडूस म्हातारा तोच. फरक पाण्याचा. नदीतली रोज प्रवाहाशी झुंजते, पूर आला की गढूळ पाण्यात उपाशी बसते. पोटाखाली हात घातला तर कुस्तीगिराची मांडी. च्यूची म्हणजे गणपतीतला मखराजवळचा तक्क्या.

तेव्हा कोणी फक्त पौंड सांगितले तर मी विचारतो, इंच किती, महिना कोणता आणि पाणी कुठलं.

अवांतर: आमिषाला इथे गोठवलेले बांगडे आणि तारल्या वापरतात. पहिल्या वर्षी अख्खा बांगडा तिरफळाशिवाय पाण्यात फेकताना माझा हात अक्षरशः अडखळला होता. आता निम्मा बांगडा गळाला, निम्मा घरी.

गळाला_लागलेला

बापूकाका, साष्टांग नमस्कार.

घशाचं विचारलंत म्हणून फेब्रुवारीचे फोटो मोठे करून पाहिले. गळ काढताना काढलेल्या एका फोटोत घशात खरंच ब्रीमची शेपटी दिसते आहे! तेव्हा मला ती जीभ वाटली होती. हसू नका.

झोळीचं... आज रात्री तपासतो.

एक शंका. भरल्या दिवसांत वजन सगळ्यात जास्त, तर मग सगळे विक्रम फेब्रुवारी-मार्चमधलेच हवेत. पण तुम्हीच सांगितलेला वेल्सचा विक्रम ऑक्टोबरचा आहे.

हर्णैचा_बापू

पोरगा हुशार आहे. जगाचा विक्रमसुद्धा ऑक्टोबरचाच आहे: जर्मनीतलं ग्रेफर्नचं तळं, १९८६, २५ किलो. गाबोळी तेव्हा अर्ध्या वाटेवर असते. पण उन्हाळाभर खाऊन आलेली चरबी आणि मास पुरेपूर असतं, पाणी गार होत असतं आणि ती हिवाळ्याच्या बेगमीला अधाशासारखी खात असते. मार्चमध्ये गाबोळी जास्त, पण ती बनवायला अंगातली साठवण खर्ची पडलेली. दोन्ही वेळा काटा वर जातो, कारणं वेगळी.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. मासा कधी जड असतो आणि गळ कधी पाण्यात असतात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ट्राऊटच्या जलाशयावर पाईकवाल्यांना सोडतातच ऑक्टोबरला आणि फेब्रुवारीला. इंग्लंडच्या नद्या १५ मार्च ते १५ जून बंद. मग विक्रम मे महिन्यात कसा होणार? आपल्याकडे जून-जुलैत बंदी असते, तेव्हा हर्णैला लिलावात मोठी सुरमई येत नाही. म्हणून काय समुद्रात सुरमई नसते?

स्टॉकहोमची_सुमा

बापूकाकांना +१. थोडी भर घालते. मी इथे एका शाळेत शिकवते. नवरा मासेमारीचा वेडा, मी बोट चालवते आणि त्याच्यापेक्षा मोठे मासे धरते.

स्वीडिशमध्ये पाईकला जे म्हणतात त्याचा उच्चार 'येद्दा'. माझ्या सासूबाई (मूळच्या सांगलीच्या, तीन महिने राहायला आल्या होत्या) शेवटपर्यंत 'ते येडा मासे' म्हणत होत्या.

आमच्याकडचं वैशिष्ट्य म्हणजे ही येडी समुद्रात राहते. बाल्टिकचं पाणी इतकं मचूळ की गोड्या पाण्यातल्या पाईकला चालतं. स्टॉकहोमच्या बाहेर हजारो बेटं, त्यांच्यामधल्या उथळ खाड्यांत आम्ही जातो. इथे तिच्या ताटात हेरिंग असतं, आपल्या तारलीचं भावंडच म्हणा, तेलकट आणि थव्यांनी येणारं. थंडीत आणि वसंतात हेरिंग किनाऱ्याकडे आलं की पाठोपाठ मोठ्या माद्या दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरलेली पाईक खांद्यापासूनच रुंद असते. आत तलावात धरलेली तेवढ्याच लांबीची बहुतेक वेळा सडपातळ निघते.

'भरले दिवस' कॅलेंडरवर सरकतात हेही सांगायला हवं. तुमच्याकडे मार्च, आमच्याकडे एप्रिल-मे, उत्तरेला त्याहूनही उशिरा. आणि जितकं उत्तरेला जावं तितकी वाढ सावकाश. तिथला मीटरभर मासा वयाने तुमच्या मीटरभर माशाची आजी निघू शकतो.

राहण्याच्या जागेबद्दल काका म्हणाले त्याची दुसरी बाजू. वजन खाण्यावर असेल, पण मुळात मासे असायला अंडी घालण्याची जागा लागते. आमच्याकडे शेतीसाठी पाणथळ कुरणं कोरडी केली, ओढे सरळ केले. त्यात तीन काट्यांचा एक बोटभर मासा आहे, स्टिकलबॅक, त्याचे थवे प्रचंड वाढलेत आणि ते पाईकची अंडी आणि पिल्लं खातात. सावजच शिकाऱ्याला पाळण्यात खातं! सील आणि पाणकावळ्यांवरून तर चहाच्या टेबलावर भांडणं होतात. आता ठिकठिकाणी ओढ्यांच्या तोंडाशी पुन्हा पाणी अडवून उथळ कुरणं तयार करतात, त्यांना 'पाईकचे कारखाने' म्हणतात. एप्रिलमध्ये मी वर्गातल्या मुलांना दाखवायला नेते. वीतभर पाण्यात मीटरभर मादी, पाठ पाण्याबाहेर, शेजारी दोन-तीन किडमिडे नर. बापूकाकांच्या मामाचं खाचरच.

तिथे कोणी गळ टाकत नाही. वसंतात काही खाड्यांत बंदीच असते.

निरामिष

बाल्टिकचं आवडलं. मासे न धरता नुसतं बघण्याची सोय आहे हे ऐकून बरं वाटलं.

हर्णैचा_बापू

सुमाताई, कुरणाचं लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

पाण्याची तब्येत बिघडली की काय होतं त्याचं इथलं उदाहरण नॉरफोकचं. समुद्राजवळची ती उथळ तळी, थर्न नदीला जोडलेली, हॉर्सी आणि हिकलिंग. १९६७ साली हॉर्सीत ४० पौंड १ औंसांची पाईक मिळाली, तेव्हाचा विक्रम. दोनच वर्षांनी, १९६९ ला, त्या मचूळ पाण्यात एक विषारी सूक्ष्म शैवाल माजलं आणि मासे मेले, ढिगांनी. थर्नच्या पाण्याने पुन्हा विक्रम दिला तो १९८५ साली, ४२ पौंड २ औंस. सोळा वर्षं. मधल्या काळात तिथे कोणीही कितीही भारी काटा नेला असता तरी काय तोललं असतं?

आता रेडिंगकर, तुझ्यावर रागवायचं राहिलं होतं. जूनच्या शेवटी पाईकच्या मागे कशाला गेलास? तळ्याच्या नियमात बसत असेल, पण पाण्याचं तापमान पाहिलं होतंस का? मोठी पाईक गार पाण्याची. पाणी वीस अंशांच्या पुढे गेलं की त्यात प्राणवायू कमी, आणि गळाशी झटापट करून ती दमते ती अनेकदा पुन्हा सावरत नाही. पोहत गेलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी उलटी तरंगते. अंगाने जितकी मोठी तितका धोका जास्त. मी मे ते सप्टेंबर रॉड माळ्यावर टाकतो आणि वांगी लावतो.

दुसरं, आडवी धर. दोन्ही हातांनी, मॅटच्या जवळ, गुडघे टेकून. कल्ल्याला धरून उभी लटकवलेले फोटो पाहिले की मला गाबोळीची काळजी वाटते. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस खूपच फुगलेली दिसली तर तोलूच नकोस. गळ पाण्यातच काढ, इंच पट्टीवर बघ, जाऊ दे. ४१ इंच तर ती जूनमध्येही होती.

गळाला_लागलेला

काका, चूक कबूल. पाणी २१ अंश होतं, मीच वहीत लिहिलंय आणि मलाच त्याचा अर्थ कळला नव्हता. मी टेंच नावाचा मासा धरायला गेलो होतो, मग कंटाळून लूर (नकली आमिष) फेकला. आता १ ऑक्टोबरपर्यंत पाईकचा रॉड बंद. जाताना तळ्यावर चक्कर मारली, दोन्ही काठ फिरून पाहिले, उलटं तरंगणारं काही दिसलं नाही.

काट्याचा निकाल. आट्याची दहा किलोची पिशवी लावली: ९.९८ किलो. काटा साधुसंत आहे. झोळी कोरडी ११० ग्रॅम, भिजवून थोडी निथळून ३७० ग्रॅम. फेब्रुवारीत थंडीने बोटं बधिर होती म्हणून घरून लिहून आणलेले ११० ग्रॅमच वजा केले होते. जूनमध्ये शहाण्यासारखी झोळी भिजवून शून्य केलं होतं. म्हणजे २६० ग्रॅम पाणी मी मासा म्हणून मोजलं. खरं वजन २१ पौंड ११ औंस.

राहिले पावणेचार पौंड आणि वर तीन औंस. त्यातले तीनेक गाबोळीचे, उरलेलं ब्रीम आणि बाळंतपण. सहकाऱ्याला हा सगळा धागा भाषांतर करून ऐकवला. तो म्हणाला, वीस पौंड तर पार आहेच, पेढे माफ. पण नऊ औंसांची त्याने चहाच्या कपावर नोंद करून ठेवली आहे.

घरी मात्र परिस्थिती बरी नाही. आट्याची पिशवी काट्याच्या हुकाला बसेना म्हणून मी ती झोळीत ठेवून तोलली. ओल्या झोळीत. आधी झोळी धुतली होती, शपथेवर सांगतो, पण पाईकचा चिकटा असा धुतल्याने जात नाही. आज सकाळी बायकोने पीठ मळायला घेतलं आणि डब्यात नाक घालून एकच प्रश्न विचारला. तेव्हापासून आम्ही भात खातोय.

स्टॉकहोमची_सुमा

आटा फेकू नकोस. त्या आट्याचे गोळे करून टेंचला लाव.